गेटला सुतळी का होती?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मे २०२५ मध्ये नातीचं लग्न झालं, त्या गडबडीत ब्लॉग मागेच पडला. लग्नाला आलेल्या आपल्या माणसांपैकी निदान पाच-सहा जणांनी मला तेव्हा एक प्रश्न विचारला होता : नवं कोरं गेट आणि त्याला सुतळी का बांधली आहे? मी तेव्हा "काही नाही हो, कडी बसवायची राहिली आहे" असं सांगून वेळ मारून नेली. ते खोटं होतं. कडी होती. ती खोबणीत जात नव्हती. गेटला पीळ पडला होता, आणि दोन दारांचे वरचे कोपरे एकमेकांपासून चांगले पाऊण इंच पुढेमागे होते.

आज त्या सुतळीबद्दल लिहिणार आहे. मराठी विषय घेऊन बी.ए. झालेल्या, जन्मभर व्याकरण आणि इतिहास शिकवलेल्या बाईने वेल्डिंगवर मत मांडावं का, असं कुणाला वाटेल. वाटू दे. गेटचे पैसे मी दिलेत :-)

गेट केलं ते माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने. कोल्हापूरजवळ एमआयडीसीच्या रस्त्याला त्याचं वर्कशॉप आहे. उसाच्या ट्रॉल्या, शेड, जिने, ग्रील असली कामं करतो. १९८८ साली दहावीला होता. गणितात गटांगळ्या खायचा. त्याचे वडील शाळेत आले तेव्हा मी त्यांना काय सांगितलं ते मला शब्दशः आठवतं : "याला पुढे शिकवून काही उपयोग नाही, आयटीआयला घाला." त्या वेळी आम्हा शिक्षकांच्या तोंडात हे वाक्य नेहमीचंच असायचं. हुशार मुलांना कुणी ते सांगत नसे. असो, त्यावर पुन्हा येते.

लग्न पंधरा दिवसांवर आलं असताना मी त्याला बोलावलं. पाच-पाच फुटांची दोन दारं, दीड इंची चौकोनी पाइपची चौकट, बाहेरच्या अंगाला अठरा गेजचा पत्रा. तो म्हणाला, "बाई, पत्र्याला थोडंथोडं अंतर सोडून वेल्डिंग मारतो, बोटभर मारायचं, वीतभर सोडायचं. मधल्या फटीत सीलंट भरू." मला ते पटेना. म्हटलं, असं तुटक तुटक कशाला? पावसाचं पाणी आत जाईल, गंजेल. सगळीकडून सलग वेल्डिंग कर, आणि जरा जाडसर कर, मजबूत झालं पाहिजे. तो दोनदा म्हणाला, "बाई, वाकंल ते." मी माझा वर्गातला आवाज काढला. पुढे तो काही बोलला नाही. आणि मग आमचा आणखी एक हट्ट, ग्रहमखाच्या आदल्या दिवशी गेट लागलंच पाहिजे.

लागलं. वाकडं लागलं. मी त्याच्या दोन कामगारांसमोर त्याला बोलले आणि शेवटचे पैसे अडवून ठेवले. तो मान खाली घालून ऐकत होता. "लग्न होऊ द्या, मी नेऊन सरळ करून आणतो," एवढंच म्हणाला. सुतळी त्यानेच बांधली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याने टेम्पो पाठवून गेट नेलं आणि मला म्हणाला, बाई, तुम्ही पण या बघायला. आमच्या ह्यांनी बरोबर यायला साफ नकार दिला, मग मी एकटीच रिक्षाने गेले. प्लास्टिकची खुर्ची मिळाली, चहा मिळाला, आणि वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी मला एक तास शिकवणी मिळाली.

आधी त्याने गेट किती वाकलं आहे ते दाखवलं. टेपने दोन्ही कर्ण मोजले. आयताचे कर्ण सारखे असतात हे आपण पाठ केलेलं. हा त्यावरून पोट भरतो! दोन्ही दारांचे कर्ण जवळपास सारखेच भरले, म्हणजे दारं गुण्यात होती. मग त्याने एका दाराच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन दोऱ्या ताणल्या. दार सपाट असेल तर मध्यावर दोऱ्या एकमेकींना नुसत्या टेकतात. इथे दोन दोऱ्यांच्या मधून माझं बोट आरपार जात होतं. तो म्हणाला, "ह्याला पीळ म्हणायचं." दहावीला भूमितीत जो पोरगा पास होईल की नाही याची आम्हाला धास्ती होती, त्याने मला दोन दोऱ्यांत प्रतल समजावून सांगितलं.

मग त्याने भंगारातून लोखंडी पट्टीचे दोन तुकडे घेतले. एक आडवा ठेवला, दुसरा त्यावर उभा, उलट्या टी अक्षरासारखा. गुण्या लावून काटकोन दाखवला, दोन्ही टोकांना टाके मारले. हो, ते लोकही टाकेच म्हणतात. मग फक्त एका बाजूने सलग वेल्डिंग ओढलं. मला काळी काच धरायला दिली होती. थंड झाल्यावर पुन्हा गुण्या लावला, तर उभी पट्टी वेल्डिंगच्या बाजूला झुकलेली, आणि खालची आडवी पट्टी पुरीसारखी कडेने वर उचललेली. कुणी हात लावला नाही, हातोडी मारली नाही. नुसती निवताना वाकली.

असं का होतं ते मी त्याच्याकडून ऐकलं, मग घरी येऊन वाचलं, आणि पुण्याला मोटारीच्या कारखान्यात असलेल्या पुतण्याला फोन करून खात्री करून घेतली. लोखंड तापलं की वाढतं हे आपल्याला रेल्वेच्या रुळांमधल्या फटींमुळे माहीत असतं. एक मीटर लांबीची पट्टी शंभर अंशांनी तापली तर साधारण सव्वा मिलिमीटर वाढते. पण सगळी पट्टी एकसारखी तापली आणि एकसारखी निवली, तर ती होती तेवढीच होते, काही बिघडत नाही. वेल्डिंगमध्ये एक चिंचोळी रेघ दीड हजार अंशांपर्यंत जाऊन वितळते, आणि तिच्यापासून चार बोटांवरचं लोखंड जवळजवळ गार असतं. त्या तापलेल्या भागाला पसरायचं असतं, पण शेजारचं गार लोखंड त्याला लांबीत पसरू देत नाही. तो तर मेणासारखा मऊ झालेला. मग तो आहे तिथेच दाबला जाऊन जाड होतो. पुढे निवताना आखडू लागतो, आणि आता तो पूर्वीच्या लांबीवर थांबत नाही, त्याहून आखूड व्हायला बघतो. शेजाऱ्यांना स्वतःकडे ओढतो. ती ओढ म्हणजेच वाकणं.

बायकांना हे एका वाक्यात कळेल. साडीला फॉल लावताना दोरा जास्त ओढला तर काय होतं? काठाला चुण्या पडतात. साडी तेवढीच असते, काठ आखडतो, आणि जास्तीचं कापड कुठेतरी जायला हवं म्हणून फुगतं. माझ्या गेटच्या पत्र्याचं अगदी हेच झालं होतं. चारी कडांनी मी सलग वेल्डिंग करायला लावलं, चारी कडा आखडल्या, मधला पत्रा होता तेवढाच राहिला. तो बिचारा जाणार कुठे? पोटात फुगला. हाताने दाबला की तेलाच्या डब्यासारखा टक् करून आत जायचा आणि सोडला की टक् करून बाहेर. शिवाय पत्रा चौकटीच्या एकाच अंगाला, म्हणजे सगळी ओढ एकाच बाजूची. चौकटीने त्या बाजूला वाकावं हे ठरलेलंच.

आणि "जाडसर कर, मजबूत होईल" हे माझं दुसरं ज्ञान. त्याने खडूने जमिनीवर काढून दाखवलं. कोपऱ्यातल्या वेल्डिंगचा छेद त्रिकोणी असतो. त्याची बाजू तीन मिलिमीटरची असेल तर क्षेत्रफळ साडेचार. बाजू दुप्पट केली, सहा मिलिमीटर, तर क्षेत्रफळ अठरा! म्हणजे ताकद फार तर दुप्पट, पण वितळवून ओतलेली धातू चौपट, आणि ओतलेली सगळी धातू निवताना आखडणार. त्यात माझ्या पाइपची जाडीच दोन मिलिमीटर. जोड पाइपपेक्षा मजबूत करून करायचं काय? पाइपच आधी तुटेल. हा हिशोब सातवीच्या मुलाला येतो. मी कधी केला नव्हता.

चूक सगळी माझी होती असं मात्र नाही, आणि हे तोच म्हणाला. कोपऱ्यांवर पंचेचाळीस अंशात पाइप कापताना त्याच्या पोराने घाई केली होती, काही जोडांत चार-पाच मिलिमीटरची फट राहिली. ती परत कापून नीट बसवायला हवी होती. वेळ नव्हता म्हणून वेल्डिंगने भरून काढली. जितकी फट, तितकी भर, तितकी ओढ. आणि रात्रीत संपवायचं म्हणून एका टोकापासून सुरू करून दुसऱ्या टोकाला नेलं.

नाहीतर काय केलं असतंस, असं मी विचारलं. यावर तो जो खुलला, तसा मी त्याला शाळेत कधीच पाहिला नव्हता. सगळी चौकट आधी नुसत्या टाक्यांवर उभी करायची, आपण शिवताना कच्चा टाका घालतो तशी. मग कर्ण मोजायचे, दोऱ्या लावायच्या. मग एका कोपऱ्यात थोडं, की लगेच समोरच्या कोपऱ्यात थोडं, म्हणजे एकाची ओढ दुसऱ्याने फेडायची. लांब जोड असेल तर काम डावीकडून उजवीकडे न्यायचं, पण प्रत्येक छोटा तुकडा उजवीकडून डावीकडे ओढायचा. (हाताने टीप घालताना सुई एक पाऊल मागे जाऊन पुढे निघते ना, तसंच.) कधी कधी ज्या बाजूला वाकणार हे माहीत आहे, त्याच्या उलट बाजूला आधीच दोन अंश वाकडं धरायचं, म्हणजे निवताना ते आपोआप सरळ होतं. किती वाकडं धरायचं? "ते हाताला कळतंय, बाई."

मी म्हटलं, त्यापेक्षा शिकंज्यात घट्ट आवळून का नाही ठेवत, म्हणजे वाकणारच नाही. त्यावर तो म्हणाला, आवळतो की, पण वाकायचं थांबलं म्हणजे ओढ गेली असं नाही, ती आत बसून राहते. पुतण्याने याला दुजोरा दिला आणि एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने वेल्डिंगने जोडलेली जहाजं झपाट्याने बांधली. त्यातलं शेनेक्टडी नावाचं तेलवाहू जहाज १६ जानेवारी १९४३ ला पोर्टलंडच्या धक्क्यावर, शांत पाण्यात, नुसतं बांधून ठेवलेलं असताना मोठा आवाज होऊन जवळजवळ दुभंगलं. त्यामागे थंडीत ठिसूळ होणारं पोलाद होतं, वेल्डिंगमधले दोष होते, आणि आत कोंडलेल्या ताणांकडेही बोट दाखवलं गेलं. म्हणून मोठ्या, जाड कामांत वेल्डिंगनंतर सबंध वस्तू भट्टीत सहाशे अंशांच्या आसपास तापवून सावकाश निववतात, म्हणजे आतले ताण सैल होतात. गेटसाठी एवढं कुणी करत नाही, आणि करायची गरजही नाही.

जाता जाता, स्टीलची रेलिंग करून घेणाऱ्यांसाठी : स्टेनलेस स्टील साध्या लोखंडाच्या जवळजवळ दीडपट वाढतं आणि उष्णता मात्र एक तृतीयांशाच्या आसपासच वाहून नेतं. म्हणजे ऊब एका जागी साठते आणि ओढ जास्त. तिथे तर कारागिराला मुळीच घाई करू नका.

आता माझं मत. आपल्याकडे गेट, ग्रील, शेड यांचा भाव ठरतो किलोवर. इतके किलो लोखंड, इतका दर, मजुरी त्यातच. या भावात सरळपणाला पैसेच नाहीत! टाक्यांवर उभं करून मोजण्यात गेलेला तास, निवायची वाट बघत काढलेली अर्धी दुपार, फट राहिली म्हणून परत कापलेला पाइप, यातलं काहीच तराजूत दिसत नाही. उलट जाडजूड वेल्डिंग केलं तर वजन चार-दोन ग्रॅम वाढेल आणि गिऱ्हाईकही खूष होईल. म्हणजे जो घाईत भरपूर ओततो त्याला आपण जास्त देतो, आणि जो जपून कमी ओततो त्याला "एवढंच?" म्हणतो. मग वाकडं आलं की "हल्ली कारागीर राहिले नाहीत" हे आहेच. मी स्वतः हे वाक्य लग्नघरात दोनदा बोलले आहे. ज्यांनी ऐकलं असेल त्यांनी ते मागे घेतलं असं समजावं.

पुतण्या म्हणतो, काकू, हे सगळं आता यंत्रमानव करतात, आमच्याकडे माणूस हातात होल्डर धरतच नाही. असेल. एकच मोटार लाख वेळा बनवायची तर ते ठीक आहे. पण माझं गेट जगात एकच आहे, आणि माझ्या गेटच्या मापाचा खांब आणि उताराचा रस्ताही एकच. शिवाय कुठल्या जोडावर आधी जायचं आणि कुठे नंतर, हे त्या यंत्रालाही कुणीतरी माणसानेच ठरवून दिलं असणार. यावर तो "ते बरोबर आहे" म्हणाला, पण फोनवर तो नेहमीच तसं म्हणतो.

आणि आयटीआयबद्दल. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा. त्या एका वर्षात पोरांना होल्डर धरायला, रॉडचा कोन सांभाळायला, न फुटणारा जोड घालायला शिकवतात, आणि ते सोपं नाही. ओढ कुठून कुठे जाणार हे आधी डोळ्यांपुढे आणणं ही त्यापुढची गोष्ट. ती त्याला कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे हेल्पर म्हणून काढलेल्या सहा वर्षांत मिळाली, असं तो सांगतो. मी "उपयोग नाही" म्हणाले होते ते ज्या डोक्याला, तेच हे डोकं. मी त्याला तिथे बसल्या बसल्या विचारलं, तुला आठवतं का रे मी तुझ्या वडिलांना काय म्हटलं होतं? तो म्हणाला, "आठवतंय की. अण्णा घरी येऊन म्हणाले, बाईंनी सांगितलंय म्हणजे बरोबरच असंल." आणि ग्राइंडर उचलून कामाला लागला.

मला जे सगळ्यात टोचलं ते हे. गेटच्या वेळीही तेच झालं होतं. वाकेल हे त्याला माहीत होतं, त्याने दोनदा सांगितलंही. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर त्याने ऐकलं नसतं. "मी विचारलं त्याला नंतर, अरे, मग ठामपणे नाही का म्हणाला नाहीस?" त्यावर हसला. "बाईंना नाही कसं म्हणायचं?" माझ्या वर्गातल्या शिस्तीचा मला फार अभिमान होता हो. ती शिस्त सदतीस वर्षांनी माझ्या फाटकात येऊन अडकली.

दुरुस्ती कशी केली तेही सांगते, कारण मला ती सर्वांत आवडली. मला वाटलं घणाने ठोकून सरळ करेल. त्याने गॅसची ज्योत घेतली. चौकट जिकडे फुगीर झाली होती त्या बाजूला, नेमक्या जागी, रुपयाएवढे ठिपके मंद लाल होईपर्यंत तापवले आणि निवू दिले. निवताना ते ठिपके आखडले आणि फुगीर बाजू आखूड होऊन चौकट हळूहळू सरळ आली. ज्या ओढीने वाकवलं तिलाच उलट बाजूने कामाला लावलं. एका दाराला अकरा ठिपके लागले, दुसऱ्याला सात. प्रत्येक ठिपक्यानंतर दोऱ्या लावून बघायचा, आणि मधे चहा. पत्र्याचं सलग वेल्डिंग त्याने ग्राइंडरने जागोजागी कापून मोकळं केलं, तुटक तुटक ठेवलं, फटीत सीलंट भरलं. म्हणजे तो पहिल्या दिवशी म्हणाला होता तसं.

अडवलेले पैसे दिले. दुरुस्तीच्या दिवसभराचे वेगळे द्यायला लागले तर घेईना. शेवटी मीच परत वर्गातला आवाज काढला, तेव्हा घेतले.

गेट आता छान बसतं, कडी एका बोटाने लागते. आमच्या ह्यांनी दोनदा लावून पाहिली. डावीकडच्या पत्र्यातला एक फुगा मात्र पूर्ण गेलेला नाही. दुपारी ऊन तापलं की तो एकदा टक् करून वाजतो, आणि संध्याकाळी उन्हं उतरली की परत एकदा. दिवाळीला येणाऱ्यांनी दचकू नये, कुणी दगड मारलेला नसतो.